तुमचे प्रश्न : शेवटच्या तीन विकेट्सचा माणूस

मागच्या अंकात जुलै 2025 मध्ये अमेरिकेत कूपरस्टाउनच्या बेसबॉल हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे थोर खेळाडूंच्या मानाच्या दालनात, गेलेल्या पाच जणांवर एक छोटी नोंद टाकली होती. वाटलं होतं सगळे इचिरो सुझुकीबद्दल विचारणार, पण पत्रं आली ती बहुतेक बिली वॅग्नर या पिचरवर (पिचर म्हणजे बेसबॉलचा बोलर). बरंच झालं, मलाही त्याच्यावरच लिहायचं होतं.

वॅग्नर मुळात उजव्या हाताचा होता म्हणे, मग डाव्या हाताने ताशी 100 मैल टाकायचा हे खरं का? (कोल्हापूर)

अगदी खरं. व्हर्जिनियातल्या एका खेड्यातलं गरिबीतलं पोरगं, लहानपणी खेळताना उजवा हात मोडला, तो बरा होतोय न होतोय तोच परत मोडला, आता हात प्लास्टरमध्ये आणि बॉल टाकल्याशिवाय तर चैन पडत नाही, म्हणून हा बसला डाव्या हाताने भिंतीवर बॉल मारत. तोच हात पुढे कामाला आला. सही करायला मात्र शेवटपर्यंत उजवाच हात. त्यात उंची जेमतेम 5 फूट 10 इंच, म्हणजे पिचर लोकांमध्ये बुटकाच, आणि कॉलेज फेरम नावाचं, जिथे मोठ्या टीमचे स्काउट सहसा फिरकतही नाहीत. तरी 1993 ला ह्यूस्टन अ‍ॅस्ट्रोजने त्याला नव्या खेळाडूंच्या निवडीत पहिल्याच राउंडमध्ये उचलला, कारण रडार गनवरचा आकडा काही उंची बघून येत नाही.

क्लोजर म्हणजे नक्की काय करतो? अख्खी मॅच बाकावर बसून शेवटी दहा मिनिटं यायचं आणि करोडो घ्यायचे? (ठाणे)

हो, साधारण तसंच, पण ती दहा मिनिटं कुठली ते बघा की. तुमची टीम एक-दोन रनांनी पुढे आहे, नववी म्हणजे शेवटची इनिंग आहे, तीन आउट काढायचे बाकी आहेत आणि समोरच्या टीमचे उत्तम बॅटर नेमके त्याच वेळी आले तरी तक्रार करायची सोय नाही. आपल्याकडे 8 रन हवे असताना शेवटची ओव्हर बुमराहला देतात ना, तसं, फक्त याचं रोजचं काम तेच. लीड तीन रनांपर्यंतची असेल आणि याने निदान एक इनिंग (म्हणजे तीन आउट) टाकून ती टिकवून मॅच संपवली की खात्यावर एक सेव्ह. वॅग्नरचे असे 422 सेव्ह आहेत. त्याच्याकडे मुख्यतः दोनच हत्यारं, फास्टबॉल आणि स्लायडर, म्हणजे जोरात येऊन ऐनवेळी बाजूला वळणारा बॉल. स्टार्टरला, म्हणजे मॅच सुरू करणाऱ्या पिचरला, तेच बॅटर एका मॅचमध्ये तीन-तीन वेळा भेटतात, तिसऱ्या वेळेपर्यंत त्यांना दोन बॉलचा अंदाज येतो. क्लोजरला ते एकदाच भेटतात. तेवढ्यात अंदाज यायचा कधी!

16 सीझनमध्ये फक्त 903 इनिंग टाकणारा हॉल ऑफ फेममध्ये कसा? त्याच वर्षी आत गेलेल्या सॅबॅथिया या स्टार्टरच्या 3,500 च्या वर आहेत. (न्यू जर्सी)

तुम्ही तिकडे मॅच बघता म्हणून प्रश्नही तिकडचाच विचारलात. मत देणाऱ्या पत्रकारांनाही नेमकं हेच खटकत होतं. 2016 ला पहिल्यांदा यादीत नाव आलं तेव्हा 10.5 टक्के मतं, आत जायला लागतात 75. मग दरवर्षी थोडी थोडी चढत 2024 ला 73.8, पाच मतांनी हुकलं बिचाऱ्याचं, आणि नियम असा की दहा वर्षांत झालं तर झालं, नाहीतर नाव बाद. 2025 म्हणजे दहावं वर्ष. 82.5 टक्के मिळाली आणि हॉलमध्ये जाणारा तो पहिला डावखुरा रिलीव्हर (स्टार्टरनंतर येणारा पिचर; क्लोजर त्यातलाच) ठरला.

माझं मत विचाराल तर उशीरच केला. 903 इनिंग म्हणजे जेमतेम शंभर पूर्ण मॅचेसएवढं काम हे मान्य, पण त्यात 1,196 स्ट्राइकआउट (बॅटरला तीन स्ट्राइकवर आउट करणं) आहेत आणि त्याच्यासमोर बॅटर लोकांची सरासरी .187, म्हणजे पाचात एक हिटसुद्धा नाही. अट्टल फलंदाजही त्याच्यापुढे शेपटाकडचे वाटायचे. हां, एक गोष्ट त्याच्या चाहत्यांनाही गिळावी लागते. प्लेऑफमध्ये तो बेकार होता, ईआरए (दर नऊ इनिंगमागे पिचरच्या खात्यावर पडणारे रन, कमी तितके चांगले) 10.03. इनिंग बाराच्या आत आहेत त्यामुळे त्यावरून अख्खं करिअर तोलू नये असं मला वाटतं, पण मोठ्या मॅचलाच मार खाल्ला हे काही पुसता येत नाही.

शोएब अख्तरपेक्षा फास्ट का? (नाशिक)

शोएबचा 2003 वर्ल्ड कपमधला तो बॉल ताशी 161.3 किमी, आणि 100 मैल म्हणजे 161, म्हणजे वॅग्नर आणि शोएब बरोबरीत म्हणा. त्याच्या पुढचा म्हणजे क्यूबाचा अरोल्डिस चॅपमन, 2010 ला सॅन डिएगोत 105.8 मैल, 170 किमी झाले ते! पण तुलना सरळ नाहीये. पिचरला कोपर हवं तसं वाकवून फेकता येतं, आपल्या बोलरने 15 अंशांपेक्षा जास्त सरळ केलं की नो बॉल आणि वर चौकशी. उलट शोएबला तो भलामोठा रनअप होता, पिचरला धावायलाच मिळत नाही. बेसबॉलमध्ये पिचरपासून बॅटरपर्यंतचं अंतरही कमी, 18.44 मीटर, आणि टप्पा नाही, सगळे फुलटॉस.

इतकं जोरात टाकून हात टिकतो का? (सांगली)

नाही टिकत. 2008 ला वॅग्नरच्या कोपराचा लिगामेंट गेला, टॉमी जॉन सर्जरी झाली, म्हणजे शरीरातला दुसरीकडचा टेंडन काढून तिथे बसवतात, 1974 ला टॉमी जॉन नावाच्या पिचरवर पहिल्यांदा केली म्हणून हे नाव. तेव्हा वॅग्नर 37 चा, सगळ्यांनी धरलं संपला. आणि हा 2009 मध्ये परत आला, 2010 ला अटलांटाकडून 37 सेव्ह, ईआरए 1.43, त्याच्या करिअरमधला सगळ्यात चांगला! त्याच वर्षी प्लेऑफमध्ये कुशीतला स्नायू दुखावला आणि तो थांबला. फॉर्म होता, मागणीही होती, पण घरी पोरं मोठी होत होती आणि सीझनच्या सुरुवातीलाच तो हे शेवटचं वर्ष असं सांगून बसला होता.

आपल्याकडचा कोणी गेलाय का तिकडे? (पुणे)

2008 ला एका टीव्ही स्पर्धेतून उत्तर प्रदेशचे रिंकू सिंग आणि दिनेश पटेल पिट्सबर्ग पायरेट्सकडे गेले, दोघंही मूळचे भालाफेकवाले. रिंकूसुद्धा डावखुराच. मेजर लीगपर्यंत, म्हणजे तिकडच्या सगळ्यात वरच्या लीगपर्यंत, दोघांपैकी कोणी पोचला नाही, रिंकू पुढे कुस्तीत गेला, डब्ल्यूडब्ल्यूईमधला वीर महान तो हाच.