सही करायच्या आधी करार कुठे कुठे फिरतो?

प्रश्न : नमस्कार दादा, देवगडजवळ आमचं आंब्याचा पल्प आणि कोकम आगळ करायचं छोटं युनिट आहे, मी, मिस्टर आणि सीझनला सात-आठ बायका. पुण्याच्या एका कंपनीने पल्पसाठी अठरा पानी ॲग्रीमेंट मेल केलंय, पेमेंट ९० दिवसांनी म्हणतायत. फोनवरचा माणूस म्हणतो हे नुसतं फॉर्मॅट आहे, सही करून पाठवा, बाकी आपण बघू. आधी काय काय करायचं असतं ते सांगा ना, आम्हाला यातलं काहीच कळत नाही.

उत्तर : ताई, ते 'बाकी आपण बघू' कुठल्या पानावर लिहिलंय ते आधी त्याला विचारा!

वाचायला बसण्याआधी जुन्या कॅलेंडरची मागची बाजू घ्या आणि हा कागद कोणाच्या हातातून कोणाकडे जातो ते बाण काढून लिहा. पुण्याहून मसुदा आला, तुम्ही वाचलात, मिस्टरांनी रेट बघितला, वकिलाने बघितलं, बदल परत पुण्याला गेले, आणि तिथे हो म्हणायचा अधिकार कोणाला? बहुतेक वेळा गाडी इथेच रुतते, ज्याच्याशी आपण महिनाभर गजाली केल्या त्याला किलोमागे रुपयाही बदलता येत नसतो. मग प्रत्येक बाणावर दिवस टाका, सीझनपासून उलटे मोजून. मे महिन्यात दारात क्रेट लागले की घासाघीस संपली, आंबा थांबत नाही हे पुण्यालाही माहितीये, म्हणून मी तर म्हणेन बोलणी मोहोराच्या दिवसातच उरकायची.

भांडायचं कशावर? रेटवर सगळेच भांडतात. माल नापास कोण ठरवणार, कोणाच्या लॅबमध्ये, माल पोचल्यापासून किती दिवसांत, आणि परत आणायचं भाडं कोणाचं, हे आधी लिहून घ्या, पल्पमध्ये खरा फटका तिथे बसतो. ९० दिवसांचं म्हणाल तर उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, आहे ना? नसेल तर सहीच्या आधी करून घ्या, फुकट होते. २००६ च्या एमएसएमई म्हणजे सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांच्या कायद्याप्रमाणे सूक्ष्म-लघु उद्योगाचं पेमेंट करारात काहीही लिहिलं तरी ४५ दिवसांपुढे नेता येत नाही, उशीर झाला तर रिझर्व्ह बँक ठरवते त्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. हे भांडणाच्या सुरात नको, मेलमध्ये दोन ओळीत लिहा.

फोनवर ठरलेलं त्याच संध्याकाळी मेल करायचं, फाईलच्या नावात तारीख टाकायची. घरात १०० चा स्टँप पेपर पडला असेल तर तो नको, ऑक्टोबर २०२४ पासून महाराष्ट्रात १०० च्या जागी ५०० झालेत, तुमच्या कराराला नेमका किती लागतो ते वकील सांगेल. आणि सहीसाठी जी प्रिंट येईल ती शेवटच्या मान्य झालेल्या फाईलशी पानागणिक ताडून बघा, अठराही पानं, मिस्टरांना मोठ्याने वाचायला बसवा.