वाचकांचे प्रश्न : भिंतीवरची अक्षरे आणि कोपऱ्यातली सही

गेल्या अंकात मी कोल्हापुरातील साइनबोर्ड रंगवण्याच्या माझ्या दिवसांविषयी लिहिले होते. त्यावर आलेल्या पत्रांतील पाच प्रश्न संपादकांनी निवडून पाठवले, त्यांची ही उत्तरे. पत्रलेखकांपैकी बहुतेकांनी मला ‘पेंटर’ म्हणून हाक मारली आहे. आमच्या शहरात ही पदवीच आहे, चित्रकार आणि चित्रपट दिग्दर्शक बाबूराव मेस्त्री यांचेही ‘बाबूराव पेंटर’ झाले ते अशाच हाकेतून, तेव्हा ती मी आनंदाने घेतो.

आपण लिहिले आहे की निवडणुकीच्या काळात आपण सर्व पक्षांच्या भिंती रंगवल्या आणि एकदा एकाच भिंतीच्या दोन बाजूंना दोन विरोधी उमेदवारांची नावे लिहिली. पेंटरसाहेब, कलावंताला स्वतःचे मत नसावे का? (एक कलाशिक्षक, इचलकरंजी)

आपला प्रश्न टोचणारा आहे आणि तो टोचावा असाच आहे, म्हणून आधी ते काम कसे चालत असे ते सांगतो. भिंतीला चुन्याचा पांढरा हात देऊन ती वाळू द्यायची. मग सुतळी निळीच्या पाण्यात भिजवून दोघांनी दोन टोकांना ताणून धरायची आणि मधोमध चिमटीत उचलून सोडायची, की भिंतीवर वीस फूट लांबीची सरळ निळी रेघ उमटते. ती शिरोरेखा. देवनागरीचा पेंटर आधी ही रेघ मिळवतो आणि मग अक्षरे तिला टांगतो. रंगात सरस कमी पडला तर पहिल्याच पावसात उमेदवार ओघळून गटारात जातो, आणि जास्त झाला तर वाळताना पोपडे धरतो. निवडणूक चिन्हासाठी पत्र्याचा छापा असे, पण नाव मात्र हातानेच काढावे लागे, कारण प्रत्येक भिंतीची लांबी वेगळी आणि प्रत्येक उमेदवाराला आपले नाव शेजारच्यापेक्षा ठसठशीत हवे असे.

भिंती मिळवण्यासाठी त्या वेळी जी चढाओढ असे तिची आजच्या मुलांना कल्पना येणार नाही. निवडणूक जाहीर होण्याआधीच कार्यकर्ते रात्री येऊन कोपऱ्यात पक्षाचे नाव आणि ‘राखीव’ असा शब्द लिहून जात, आणि घरमालकाला आपली भिंत राखीव झाल्याचे सकाळी दूध घ्यायला दार उघडल्यावर कळे. ज्या भिंतीचा आपण उल्लेख केला आहे ती दोन भावांच्या वाटणीतली होती. थोरल्याचा पक्ष एक, धाकट्याचा दुसरा, आणि त्या पेठेत हातात ब्रश धरणारा मी एकटा. सकाळी पूर्वेची बाजू केली, दुपारी पश्चिमेची. दोन्हींकडून चहा आला. पैसे मात्र जिंकलेल्या बाजूकडूनच आले, हरलेला उमेदवार मतमोजणीनंतर मला दिसलाच नाही.

आता मताविषयी. मत होते आणि मी ते पेटीत टाकत असे. परंतु एक गोष्ट मी पाळली, आणि ती माझ्या उस्तादांकडून उचललेली होती. दुकानाची पाटी, तालमीचा फलक, गणेश मंडळाचा देखावा, शाळेच्या भिंतीवरचा शिवाजी महाराजांचा प्रसंग, या सर्वांच्या खाली उजव्या कोपऱ्यात माझी सही असे. पक्षाच्या भिंतीवर मी सही कधी केली नाही. ते मजुरीचे काम होते, गवंड्याने भिंत बांधावी तसे. यावर आपण म्हणू शकता की ही पळवाट आहे, आणि एका मर्यादेपर्यंत ती आहेही. एकदा मात्र मला एका जातीविषयी अपमानकारक असलेली घोषणा लिहायला सांगण्यात आले, तेव्हा मजुरी आणि सही यांतला माझा फरक तोकडा पडला. मी ब्रश धुतला आणि हात दुखावल्याचे कारण सांगून घरी आलो. खरे कारण सांगण्याचे धैर्य त्या वयात नव्हते, याची लाज मला आजही वाटते, आणि आपल्या प्रश्नाचे खरे उत्तर कदाचित त्या लाजेतच आहे.

पुढे हा धंदाच बसला. टी. एन. शेषन मुख्य निवडणूक आयुक्त असताना, म्हणजे 1990 ते 1996 या काळात, आचारसंहितेचा धाक प्रथमच जाणवू लागला, 1995 मध्ये मालमत्तेचे विद्रूपीकरण रोखणारा राज्याचा कायदा आला, आणि नंतर फ्लेक्सने उरलेसुरले काम नेले. भिंती स्वच्छ झाल्या हे नागरिक म्हणून मला मान्य आहे. पण मग त्याच भिंतींसमोर बांबूवर ताणलेले, वाढदिवसाच्या शुभेच्छांचे, तीस-तीस चेहऱ्यांचे फ्लेक्स उभे राहिले, ज्यांवर कारवाई करण्याचे आदेश उच्च न्यायालयाला द्यावे लागले. चुन्याचे अक्षर निदान पुढच्या दिवाळीत दुसऱ्या हाताखाली झाकले जात असे. फ्लेक्स फाटला की गुऱ्हाळावर, गोठ्यावर नाहीतर भाजीवाल्याच्या डोक्यावर वर्षानुवर्षे राहतो, आणि कोणा भावी आमदाराच्या अर्ध्या चेहऱ्याखाली म्हैस रवंथ करत बसलेली दिसते. एवढा एक उपयोग मात्र मी मान्य करतो.

माझी मुलगी नववीत आहे. तिला चित्रकलेतच पुढे जायचे आहे. घरात विरोध आहे. आपण काय सांगाल? (एक पालक, कराड)

तिला एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षांना बसवले असेलच. बहुतेक घरांत या परीक्षा दहावीच्या वाढीव गुणांसाठी दिल्या जातात आणि गुण मिळाले की रंगपेटी माळ्यावर जाते. आपल्या मुलीची रंगपेटी गुणांनंतरही खालीच राहिली, तर तिचे म्हणणे गंभीरपणे घ्या. एवढीच कसोटी माझ्याजवळ आहे.

उत्पन्नाविषयी आपण विचारले नाही, पण विरोध त्याचाच असणार. केवळ चित्रे विकून घर चालवणारे चित्रकार माझ्या ओळखीत एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत. बाकीचे शिकवतात, मांडणी करतात, मूर्ती घडवतात, चित्रपटांच्या कलाविभागात राबतात. मुलीला दुसरे एखादे हातकाम येऊ द्या, म्हणजे चित्राला पोटाची चाकरी करावी लागत नाही. आणि त्या परीक्षेतील अक्षरलेखनाकडे दुर्लक्ष करू नका असे सांगा. वस्तुचित्र आणि स्मरणचित्र यांचा सराव सगळे करतात, अक्षराकडे कोणी बघत नाही. मी त्यावर वीस वर्षे जेवलो.

केशवराव भोसले नाट्यगृह जळाले त्याला आता काळ लोटला. पुनर्बांधणी सरकारी पैशाने होत आहे. राजाश्रय संपल्यावर कलेने पुढाऱ्यांपुढे हात पसरणे आपल्याला योग्य वाटते का? (एक नाट्यप्रेमी, कोल्हापूर)

8 ऑगस्ट 2024 च्या रात्री मी खासबाग मैदानाच्या बाजूला गर्दीत उभा होतो. दुसऱ्या दिवशी गायक-नट केशवरावांची जयंती होती. छप्पर खाली आले तेव्हा माझ्या शेजारचे एक वृद्ध गृहस्थ आपल्या चपला काढून उभे राहिले, घरातली तिरडी उचलताना माणूस उभा राहतो तसे. सकाळी दगडी भिंती तेवढ्या शिल्लक दिसल्या. मला स्वतःला सर्वांत आधी आठवले ते पडदे. बाबूराव पेंटर आणि त्यांचे नात्यातले बंधू आनंदराव यांनी नाटक कंपन्यांचे पडदे रंगवले, ती या गावच्या चित्रकारांची पहिली मोठी शाळा होती. रंगमंच जळतो तेव्हा नटाबरोबर चित्रकाराचेही घर जळते, हे त्या दिवसांतील हळहळीत फारसे कोणी म्हटले नाही, म्हणून येथे नोंदवून ठेवतो.

आता आपला प्रश्न. राजर्षी शाहू महाराजांनी पॅलेस थिएटर या नावाने ही वास्तू उभी केली, ती 1915 मध्ये पूर्ण झाली, आणि तिच्यालगत कुस्तीचे खासबाग मैदान. तो पैसा संस्थानचा होता म्हणजे अखेर रयतेच्या साऱ्यातून आलेला होता. आजचा निधीही आपल्याच करांतून येतो. तेव्हा जो पुढारी कोनशिलेवर नाव कोरून घेतो त्याच्यापुढे आपण हात पसरतो हे मला मान्यच नाही. आपण आपले पैसे मागतो. फरक पडतो तो देणाऱ्याने नंतर काय करावे यात. आबालाल रहिमान दरबारचे चित्रकार होते, पण त्यांच्या जलरंगांत दरबारापेक्षा कोटितीर्थ तळ्याचे पाणी आणि झाडीच जास्त आहे. महाराज गेल्यानंतर आबालालांनी आपली हजारो चित्रे कोटितीर्थात सोडून दिली अशी आख्यायिका आमच्याकडे सांगतात. ती जशीच्या तशी खरी असो वा नसो, आश्रयदाता गेल्यावर चित्रकाराला चित्रे कोणाला दाखवावीत हे कळेनासे होते, एवढे तिच्यात खरे आहे.

आणि देण्याघेण्याचा हा व्यवहार एकतर्फी कधीच नव्हता. 8 जुलै 1921 रोजी मुंबईत केशवराव भोसले आणि बालगंधर्व यांनी मिळून ‘संयुक्त मानापमान’ केले ते टिळक स्वराज्य फंडासाठी. एकमेकांच्या स्पर्धेत असलेल्या दोन कंपन्यांचे मालक एका रंगमंचावर आले आणि मिळालेला पैसा राजकारणाला दिला. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत केशवराव गेले. त्यांच्या नावाच्या वास्तूला आज राजकारणाने पैसा दिला तर त्यात मला उपकार दिसत नाही. माझी मागणी त्याहून लहान आहे. नव्या नाट्यगृहाच्या तारखा राजकीय सभा आणि सत्कार यांच्याआधी नाटकांना मिळाव्यात, आणि हौशी संस्थेला परवडेल असे भाडे असावे. या दोन गोष्टी झाल्या नाहीत तर दगड कितीही हुबेहूब बसवला तरी इमारत पुन्हा उभी राहील, नाट्यगृह नाही.

2019 च्या महापुरात आपली चित्रे भिजल्याचा एका ओळीत उल्लेख आला होता. त्याविषयी अधिक सांगाल का? (एक वाचक, सांगली)

आपण सांगलीचे, म्हणजे आपल्याला पाण्याविषयी वेगळे सांगायला नको. माझे त्या वेळचे काम करण्याचे घर शाहूपुरीच्या सखल भागात होते. पाणी दारात येईल असे वाटले होते, ते खिडकीपर्यंत आले. शेजारच्या कुंभार गल्लीत गणेशमूर्ती विरघळल्या, चतुर्थी महिन्यावर आली असताना. वर्षाचे पीक बुडालेल्या त्या लोकांसमोर माझ्या चित्रांचे दुःख मला मोठ्याने बोलवेना, म्हणून ती एकच ओळ.

तैलरंगाची चित्रे चौकटीवर सैल पडली, मागून ओल धरून त्यांचा अस्तर-रंग सुटला. जलरंगांचे मात्र काय झाले ते पाहण्यासारखे होते. चाळीस-पंचेचाळीस कागदांची एक चळत खालच्या फळीवर होती. पाणी ओसरल्यावर ती विटेसारखी जड झाली होती, आणि मी एकेक कागद सुरीच्या पात्याने सोडवू लागलो. पंचगंगेच्या घाटाच्या एका चित्रातील रंग पुन्हा ओला होऊन वरच्या कागदाच्या कोऱ्या पाठीला लागला होता, आणि तेथे दगडी दीपमाळ उलटी, फिकट, काठावर गाळाची रेघ घेऊन उमटली होती. इतके नेमके प्रतिबिंब मला तीस वर्षांत जमले नव्हते. मूळ चित्र फेकून दिले, ही पाठ ठेवली. सही करण्यासाठी पेन्सिल उचलली आणि खाली ठेवली. ते काम माझे नव्हते.

तेव्हापासून कागद वरच्या मजल्यावर, जाड प्लॅस्टिकमध्ये आणि उभे ठेवतो. 2021 च्या पुरात त्यामुळे काही गेले नाही.

आपल्या चित्रांत निसर्ग आणि जुने कोल्हापूरच दिसते. इतके राजकारण जवळून पाहूनही आपण राजकीय चित्र का काढत नाही? (एक विद्यार्थी, गडहिंग्लज)

राजकीय चित्र म्हणजे मोर्चा, झेंडे आणि आवळलेली मूठ असे आपल्या मनात असावे. त्या वाटेचेही मला वावडे नाही. खाडिलकरांच्या ‘कीचकवधा’त द्रौपदी, कीचक आणि भीम यांचीच गोष्ट होती, तरीही प्रेक्षकांनी कीचकात व्हाइसरॉय कर्झन पाहिला आणि ब्रिटिश सरकारने नाटकावर बंदी घातली. बाबूराव पेंटरांनी तेच कथानक 1920 मध्ये ‘सैरंध्री’ म्हणून पडद्यावर आणले, तेव्हाही कीचकाच्या वधाचे दृश्य सरकारला सोसले नाही. पुराणातली गोष्ट राजकीय होते, मग तळे का होऊ नये?

काही वर्षांपूर्वी मी रंकाळ्याच्या काठावर बसून एक मोठे जलरंग केले. सांडपाण्यावर पोसलेल्या केंदाळाने, म्हणजे जलपर्णीने, त्या हंगामात अर्धे तळे झाकले होते, तेव्हा चित्रातही अर्धा कागद दाट हिरवा झाला आणि तळ्यातला संध्यामठ त्या हिरव्यातून वर आलेला दिसू लागला. एका कार्यालयाला स्वागतकक्षासाठी रंकाळा हवा होता. ते अधिकारी घरी आले, चित्र त्यांना आवडले, किंमतही पटली. मग त्यांनी हळूच विचारले, “पेंटर, एवढे केंदाळ काढून तिथं निळे पाणी करता येईल का?” मी म्हटले, “साहेब, ते आधी तळ्यातून काढा, मग मी चित्रातून काढतो.” ते हसले, चहा घेतला आणि नंतर त्यांचा फोन आला नाही. स्वागतकक्षात आता रंकाळ्याचा छापील फोटो आहे, निळाशार.

माझे चित्र घरीच आहे. त्याच्या उजव्या कोपऱ्यात, केंदाळाच्या अगदी कडेला, सही आहे.