ठराव मंत्रालयात पोचतो, मग अडतो कुठे?

नगरपरिषदा आणि महानगरपालिकांमध्ये कित्येक वर्षं प्रशासक होते. डिसेंबर २०२५ आणि जानेवारी २०२६ मध्ये अखेर निवडणुका झाल्या आणि नवे नगरसेवक सभागृहात बसले. तेव्हापासून येणाऱ्या पत्रांचा सूर एकच आहे: आमच्या गावाचं म्हणणं राज्य सरकारच्या, विधिमंडळाच्या कानावर घालायचं कसं? मुख्याधिकारी म्हणून उभी हयात नगरपरिषदांत गेल्यामुळे हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे. त्यातल्या काही पत्रांना इथे उत्तर देतो.

प्रश्न: आमच्या नगरपरिषदेत प्रशासक असतानाच वाढीव पाणीपुरवठा योजनेचा ठराव करून तो शासनाला पाठवला गेला. दोन वर्षं झाली. विचारलं की उत्तर येतं, "फाईल फिरतेय." नेमकी कुठे फिरते?

आधी एक गोष्ट मनात पक्की करा. ठराव म्हणजे प्रस्ताव नव्हे. ठराव म्हणजे तुमची इच्छा. तिला आकडे, नकाशे आणि मान्यता जोडल्या की प्रस्ताव होतो. पाणी योजनेचा सविस्तर प्रकल्प अहवाल लागतो, त्याला जीवन प्राधिकरणासारख्या यंत्रणेची तांत्रिक मान्यता लागते. धरणातलं पाणी तुमच्यासाठी आरक्षित असल्याचं जलसंपदा विभागाचं पत्र लागतं. शिवाय नगरपरिषद आपला स्वहिस्सा कुठून भरणार, हे लिहून द्यावं लागतं. यातला एक कागद कमी असला तरी प्रस्ताव "त्रुटीपूर्ततेसाठी" खाली येतो. तो खाली आला हे नगराध्यक्षांना महिनोनमहिने कळत नाही, कारण पत्र आवक-जावकमध्येच पडून असतं.

वाट साधारण अशी: नगरपरिषद, जिल्हाधिकारी कार्यालयातला नगरपालिका प्रशासन विभाग, नगरपरिषद प्रशासन संचालनालय, मग नगरविकास विभागातलं संबंधित कार्यासन, म्हणजे तो विषय पाहणारी शाखा. तिथे कक्ष अधिकारी टिपणी लिहितो आणि फाईल वर सरकते. प्रत्येक टप्प्याचा जावक क्रमांक आणि तारीख एका वहीत लिहून ठेवा. क्रमांक हातात असला की "फिरतेय" हे उत्तर कुणाला देता येत नाही. तरीही पत्ता लागला नाही, तर माहितीच्या अधिकारात टिपणीची प्रत मागा. ३० दिवसांत उत्तर देणं कायद्याने बंधनकारक आहे.

एक अनुभव सांगतो. मी ज्या गावात होतो, तिथे उन्हाळ्यात सहा-सहा दिवसांनी पाणी यायचं. आम्ही पाठवलेल्या प्रत्येक पत्रात "तीव्र पाणीटंचाई" हे शब्द असायचे, आणि ते राज्यातल्या निम्म्या गावांच्या पत्रांत असतात. आमच्याकडे एक व्हॉल्व्हमन होता. कोणत्या प्रभागाचा व्हॉल्व्ह किती वाजता उघडला, किती वाजता बंद केला, हे तो शाळकरी वहीत रोज लिहायचा. वहीचे कोपरे भिजून फुगले होते. बैठकीला जाताना नगराध्यक्षाताईंनी ती वही सोबत घेतली आणि उपसचिवांपुढे उघडून ठेवली. त्यांनी चार-पाच पानं उलटली, एका प्रभागावर बोट ठेवून विचारलं, "इथे मे महिन्यात फक्त पाच वेळा पाणी?" त्या दिवशी पहिल्यांदा आमच्याशी योजनेबद्दल बोलणं झालं, तोवर फक्त पत्राबद्दल व्हायचं. नंतरच्या टिपणीत त्या वहीतल्या तारखा आल्या.

प्रश्न: मी पहिल्यांदाच नगरसेविका झाले आहे. आमचे आमदार विरुद्ध पक्षाचे आहेत, आमचा विषय ते सभागृहात मांडणार नाहीत. आता आम्ही काय करायचं?

ताई, तुमच्या गावाचा प्रश्न तुमच्याच आमदारांनी मांडला पाहिजे असा नियम नाही. विधानसभेत २८८ आणि विधान परिषदेत ७८ सदस्य आहेत, आणि त्यातला कुणीही तारांकित प्रश्न (मंत्र्यांनी सभागृहात तोंडी उत्तर द्यायचा) विचारू शकतो किंवा लक्षवेधी (तातडीच्या विषयाकडे मंत्र्यांचं लक्ष वेधणारी सूचना) देऊ शकतो. पदवीधर आणि शिक्षक मतदारसंघांच्या आमदारांचं क्षेत्र तर अनेक जिल्ह्यांचं असतं, त्यामुळे तुमचं गाव त्यांच्याही मतदारसंघात येतं.

शिवाय विधान परिषदेतल्या २२ जागा स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आहेत. त्या आमदारांना जनता थेट निवडत नाही, तुमच्यासारखे नगरसेवक निवडतात. मतदार तुम्ही आहात. गेली काही वर्षं निवडणुकाच न झाल्याने मतदार उरले नव्हते, म्हणून मुदत संपलेल्या अनेक जागा रिकाम्या राहिल्या. मतदारसंघातल्या किमान ७५ टक्के संस्था अस्तित्वात असल्याशिवाय ही निवडणूक होत नाही. या जागा भरताना उमेदवार तुमच्या दारात येतील. तेव्हा जेवणावळीपेक्षा गावाचा एक विषय त्यांच्याकडून लिहून घ्या.

आमदारांना पानभर निवेदन देऊ नका. प्रश्नच तयार करून द्या, तीन-चार ओळींचा: अमुक प्रस्ताव अमुक तारखेला शासनास प्राप्त झाला हे खरे आहे काय, असल्यास मान्यतेबाबत कोणती कार्यवाही केली, नसल्यास विलंबाची कारणे काय. विधिमंडळाच्या प्रश्नांची हीच भाषा आहे. असा प्रश्न स्वीकृत झाला की विभागाला लेखी उत्तर तयार करावं लागतं, आणि उत्तर तयार करण्यासाठी फाईल शोधावीच लागते. चर्चेला वेळ मिळाला नाही तरी एवढं काम होतं.

मंत्री सभागृहात "तीन महिन्यांत निर्णय घेऊ" म्हणाले, तर ते आश्वासन ठरतं आणि त्याचा पाठपुरावा विधिमंडळाची आश्वासन समिती करते. म्हणून त्या दिवसाच्या कामकाजाचा वृत्तांत मिळवून नगरपरिषदेत जपून ठेवा. जाहीर सभेतल्या घोषणेला ही किंमत नाही.

प्रश्न: पूर्वी जकात होती तेव्हा पालिका ताठ मानेने उभ्या होत्या, आता प्रत्येक गोष्टीसाठी मुंबईला हात पसरावे लागतात. हे असं का झालं?

जकात, म्हणजे शहरात येणाऱ्या मालावरचा कर, वाईट होती. नाक्यांवर ट्रकच्या रांगा लागायच्या, पावत्यांत घोळ व्हायचे, व्यापारी वैतागायचे. पण ती रोजच्या रोज शहराच्या तिजोरीत पडायची. ती गेली यापेक्षा ती जाताना कुणी काय पदरात पाडून घेतलं, हे पाहणं मला महत्त्वाचं वाटतं.

नगरपरिषदांची जकात १९९९ मध्ये गेली. बदल्यात सहायक अनुदान मिळालं, पण ते शासन निर्णयांवर चालणारं. त्यातला मोठा भाग पगारात जातो आणि हप्ता लांबला की सफाई कामगारांचा पगार लांबतो. महिन्याची दहा तारीख उलटली की कामगार माझ्या दालनाबाहेर उभे राहायचे. त्यांना "अनुदान आलं नाही" एवढंच सांगणं माझ्या नोकरीतलं सर्वांत जड काम होतं.

महानगरपालिकांत जकातीच्या जागी आधी एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर आला. मग १ ऑगस्ट २०१५ पासून वर्षाला ५० कोटींच्या आतली उलाढाल असलेल्या व्यापाऱ्यांना एलबीटी माफ झाला. मुंबईत जकात शेवटपर्यंत टिकली आणि १ जुलै २०१७ ला जीएसटी आल्यावर गेली. मुंबई महानगरपालिकेचं वर्षाचं सुमारे ७ हजार कोटींचं उत्पन्न त्यात होतं. पण विधेयक सभागृहात येण्याआधीच भरपाईचा मुद्दा लावून धरला गेला. पालिकेतला सत्ताधारी पक्ष राज्याच्या सत्तेतही भागीदार होता, ही गोष्ट मोलाची ठरली. मे २०१७ च्या विशेष अधिवेशनात स्थानिक प्राधिकरणांना भरपाई देण्याचा स्वतंत्र कायदा झाला. दरवर्षी ८ टक्के वाढ धरून भरपाई द्यायची, असं त्यात लिहिलं गेलं. जुलैत मुंबईला पहिला हप्ता मिळाला, सुमारे ६४७ कोटींचा. कायदा सगळ्याच महानगरपालिकांना लागू झाला, म्हणजे मुंबईच्या आग्रहाचा फायदा इतर शहरांनाही मिळाला.

एकीकडे शासन निर्णय, दुसरीकडे अधिनियमाचं कलम. शासन निर्णय दुसऱ्या शासन निर्णयाने बदलतो. कलम बदलायला दोन्ही सभागृहांत जावं लागतं, निदान अध्यादेश तरी काढावा लागतो, आणि तेव्हा निदान चर्चा होते. आज नगरपरिषदांनी एकत्र येऊन एकच गोष्ट मागावी असं मला कुणी विचारलं, तर मी हेच सांगेन: सहायक अनुदानाचं सूत्र आणि हप्त्याची तारीख कायद्यात लिहून घ्या. नवीन रस्त्यापेक्षा, नाट्यगृहापेक्षा हे मोठं आहे.

राज्यघटनेच्या ७३ व्या दुरुस्तीने दर पाच वर्षांनी राज्य वित्त आयोग नेमायची तरतूद केली आणि ७४ व्या दुरुस्तीने नगरपालिकांचा विषयही त्याच आयोगाकडे दिला. त्याच्या शिफारशींवर काय केलं, याचं निवेदन विधिमंडळापुढे ठेवावं लागतं. ते मागून वाचणारे नगराध्यक्ष मला फार थोडे भेटले.

प्रश्न: आमचं गाव शहराच्या हद्दीत घ्यायचं घाटत आहे. ग्रामस्थांचा विरोध आहे. अधिसूचना निघाली की सगळं संपतं का?

नाही. आधी प्रारूप अधिसूचना निघते, तिच्यावर हरकती आणि सूचना मागवतात. या मुदतीत आलेला प्रत्येक अर्ज नोंदला जातो. एकाच मजकुराच्या हजार झेरॉक्स देण्यापेक्षा पन्नास वेगवेगळ्या, स्वतःच्या घरपट्टीची पावती जोडलेल्या हरकती द्या. 

पुण्याजवळच्या फुरसुंगी आणि उरुळी देवाचीचं उदाहरण बघा. कचरा डेपोचा त्रास या गावांनी वर्षानुवर्षं सोसला. २०१७ मध्ये महापालिकेत गेलेल्या अकरा गावांत ही दोन्ही होती. मग वाढीव मिळकतकर आणि अपुऱ्या सोयींवरून तक्रार सुरू झाली. ग्रामस्थांनी ती सोडली नाही, स्थानिक लोकप्रतिनिधी मागे लागले. अखेर राज्य सरकारने ही दोन गावं महापालिकेतून वगळून त्यांची स्वतंत्र नगरपरिषद केली. सात वर्षं गेली त्यात. स्वतंत्र झाल्यावर पाणी, कचरा, रस्ते यांचा खर्च आता त्याच गावांना पेलायचा आहे. तुम्ही हरकत लिहिण्याआधी हा हिशेब ग्रामसभेत मांडा, एवढी माझी कळकळीची विनंती आहे.

प्रश्न: नगराध्यक्षाची थेट निवडणूक कधी असते, कधी नसते. असे कायदे करताना शहरांना विचारतात का?

फारसं नाही. २००१ मध्ये थेट निवडणूक आली, पुढे गेली, २०१६ मध्ये परत आली, २०२० मध्ये रद्द झाली, २०२२ मध्ये पुन्हा लागू झाली. शेवटच्या तीन वेळा तर सत्ता बदलली आणि कलम बदललं. विधेयक दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे गेलं तर बाहेरून सूचना देता येतात. जनसुरक्षा विधेयकाच्या वेळी अशा बारा हजारांवर सूचना आल्या होत्या. म्हणून नगरपालिकांविषयीचं विधेयक मांडलं जाताच ते संयुक्त समितीकडे पाठवा, अशी मागणी पहिल्याच दिवशी करायला हवी. एकट्या नगराध्यक्षाने केली तर कुणी ऐकणार नाही. जिल्ह्यातल्या सगळ्यांनी पक्ष बाजूला ठेवून एकाच पत्रावर सह्या कराव्यात.

प्रश्न: हिवाळी अधिवेशनात नागपूरला मोर्चा न्यावा का?

माणसं जमत असतील तर जरूर न्या. त्याने वृत्तपत्रांत विषय येतो आणि शिष्टमंडळाला मंत्र्यांची पाच-दहा मिनिटं मिळतात. पण पैसे हवे असतील तर डिसेंबर उशिराचा आहे. पुरवणी मागण्यांची, म्हणजे अर्थसंकल्पानंतर मागितलेल्या जादा खर्चाची पुस्तिका अधिवेशनाच्या सुरुवातीला पटलावर येते, तेव्हा ती छापून तयार असते. तिच्यात नाव हवं असेल तर कागद ऑक्टोबरमध्ये विभागाकडे पोचलेला हवा. मार्चच्या अर्थसंकल्पाचे अंदाजही विभाग त्याच सुमारास करायला घेतात. जिल्हास्तरीय नगरोत्थान या शहरांतल्या सोयींच्या योजनेचे पैसे तर मुंबईत वाटले जातच नाहीत. ते जिल्हा नियोजन समितीतून, पालकमंत्र्यांच्या अध्यक्षतेखाली वाटले जातात, त्यासाठी नागपूरची गाडी पकडायची गरज नाही. आणि मोर्चा नेलातच, तर शिष्टमंडळात पाचपैकी एक माणूस असा असू द्या ज्याला प्रस्तावाचा जावक क्रमांक पाठ आहे.