बारावीला गणित नव्हतं, पशुपैदासशास्त्रातली सांख्यिकी झेपेल का?

झेपेल. मीही बायोलॉजी ग्रुपवालाच. दहावीनंतर बीव्हीएस्सी (पशुवैद्यकाची पदवी) संपेपर्यंत गणिताचं तोंड पाहिलं नव्हतं. तुम्ही विचारलंय की अनुवंशशास्त्र आणि पैदास या विषयात एमव्हीएस्सीला (पशुवैद्यकातल्या पदव्युत्तर पदवीला) जाण्याआधी पायथन आणि मशीन लर्निंगचा कोर्स करू का. माझ्या मते आत्ता नको. आधी वही-पेन काढा.

समजा दोन वळू आहेत. पहिल्याच्या ५ मुली कळपाच्या सरासरीपेक्षा वेताला ३०० लिटर जास्त देतात, दुसऱ्याच्या ६० मुली २०० लिटर जास्त. रेतमात्रा कोणाच्या घ्याल? हेरिटॅबिलिटी (जनावरा-जनावरांतल्या फरकाचा अनुवंशिक वाटा) ०.२५ आणि प्रत्येक मुलीचं एकच वेत धरलं, तर सरासरीतल्या फरकाला मुलींच्या संख्येने गुणायचं आणि त्या संख्येत १५ मिळवून भागायचं. हा १५ म्हणजे ४ वजा ०.२५, भागिले ०.२५. पहिल्याला ५ भागिले २०, म्हणजे पाव; ३०० चे राहिले ७५. दुसऱ्याला ६० भागिले ७५, म्हणजे ०.८, २०० चे १६०. पुढच्या मुलींकडून एवढ्याच वाढीची आशा धरायची. सांगा, आता कोणता वळू?

जनावरांचं पैदासमूल्य काढायला जगभर वापरतात त्या, पैदासशास्त्रज्ञ हेन्डरसन यांच्या मिक्स्ड मॉडेल समीकरणांच्या पोटात हेच आहे, फक्त तिथे कळप, ऋतू, वेताचा क्रमांक आणि सगळी नातीगोती एकदम हिशेबात येतात. पाच-सहा जनावरांची वंशावळ घ्या, नात्यांचं मॅट्रिक्स (कोणाचं कोणाशी किती नातं याचा आकड्यांचा तक्ता) हाताने भरा, समीकरणं सोडवा आणि मग 'आर' या सांख्यिकीच्या सॉफ्टवेअरमध्ये ताडून पाहा. माझे दोन रविवार गेले होते. त्यानंतर जीनोमिक सिलेक्शनची, म्हणजे डीएनए तपासून जनावरं निवडण्याची, भीती उरत नाही, कारण त्याच्या सर्वांत सरळ प्रकारात वंशावळीच्या मॅट्रिक्सच्या जागी डीएनए मार्करवरून (डीएनएतल्या ओळखखुणांवरून) काढलेलं मॅट्रिक्स बसतं, बाकी गाडी तीच. २०२४ मध्ये वाशीमला गाई-म्हशींचा डीएनए तपासायच्या गौ चिप आणि महिष चिप जाहीर झाल्या, म्हणजे हे काम आता आपल्याही दारात आलंय.

सॉफ्टवेअरचं थोडक्यात: 'आर' शिकाच. मोठ्या वंशावळीसाठी ब्लपएफ९० किंवा वॉम्बॅट हे याच समीकरणांचे प्रोग्राम. त्यांना काय करायचं ते एका पॅरामीटर फाइलमध्ये लिहून द्यावं लागतं; त्याची सवय महिन्याभरात होते.

संस्थांमध्ये कर्नालची एनडीआरआय (राष्ट्रीय दुग्ध संशोधन संस्था), इज्जतनगरची आयव्हीआरआय (भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्था). निव्वळ सांख्यिकी किंवा बायोइन्फॉर्मेटिक्सकडेच (जैविक माहितीचं संगणकावर विश्लेषण) ओढा असेल तर दिल्लीची आयएएसआरआय (भारतीय कृषी सांख्यिकी संशोधन संस्था). (ती ज्या विभागातून वाढली तो एकेकाळी आपल्या सातारा जिल्ह्यातल्या सांख्यिकीतज्ज्ञ पां. वा. सुखात्म्यांनी सांभाळला होता.) बाहेर जायचं तर ऑस्ट्रेलियातलं आर्मिडेल आणि नेदरलँड्समधलं वागेनिंगेन इथली विद्यापीठं बघा. पण नावापेक्षा गाईडला हे विचारा: नोंदी किती वर्षांच्या, वळू किती, आणि एका वळूच्या मुली एकापेक्षा जास्त कळपांत आहेत का? सगळ्या एकाच कळपात असतील आणि त्या कळपात दुसऱ्या वळूच्या मुलीच नसतील तर वळूचा गुण कुठला आणि गोठ्याचा कुठला, हे कुठलंही सॉफ्टवेअर वेगळं करून देणार नाही.

शेवटचं, माझ्या थीसिसचं. एका फार्मच्या जुन्या रजिस्टरवरून डेटा उतरवला. एक गाय १९० दिवसांत पुन्हा व्यालेली! गाईचा गाभणकाळच २८० दिवसांच्या आसपास, म्हणजे तारीख आणि महिन्याची अदलाबदल. मेलेल्या कालवडीचा बिल्ला नंबर काही वर्षांनी दुसरीला दिलेला, त्यामुळे एक गाय स्वतःच्या आईपेक्षा मोठी. हे सगळं प्रोग्रामने पकडलं. दुधाच्या रकान्यातली शून्यं मात्र मी तशीच घेतली आणि सरासरी खाली का येतेय म्हणून पंधरा दिवस मॉडेल बदलत बसलो. शेवटी तिथल्या दूध मोजणाऱ्या मामांना विचारलं. ते म्हणाले, "आटलेल्या गाईला आम्ही रेघ मारतो. शून्य म्हणजे त्या दिवशी काटा बंद होता."