‘सूर्या तिशीत आला’ हे अर्धंच खरं आहे

सांगली जिल्ह्यातून एका आईचं पत्र आलं आहे. मुलगा वीस वर्षांचा. क्रिकेटसाठी दोन वर्षांपूर्वी पुण्यात ठेवला. बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, दोन विषयांत एटीकेटी. क्लबकडून तिसऱ्या क्रमांकावर फलंदाजी करतो. एकोणीस वर्षांखालच्या निवड चाचणीत नाव आलं नाही आणि आता ते वयही उलटलं. वडील म्हणतात, बस झालं, दुकानात बस. मुलगा म्हणतो, ‘सूर्यकुमार तिशीत इंडियाकडून खेळला, मला विसाव्या वर्षीच का हाकलता?’ सुट्टीत घरी आला की दिवसभर मोबाइलवर मित्रांशी आकडे देऊन वाद चालतो, रोहितला काढा, करुणला घ्या, रहाणेवर अन्याय झाला. आई विचारतात, ‘खेळाडू खरंच उशिरा सुधारतात का? आणि आम्ही अजून किती वर्षं थांबायचं?’

नमस्कार ताई,

आधी सरळ उत्तर देतो. खेळाडू उशिरा सुधारतात, हे खरं. तरीही तुमच्या मुलाला दोन हंगाम द्या, त्याहून जास्त नकोत, आणि तेही काही अटींवर.

सूर्यकुमारचं उदाहरण तो देतो, ते अर्धंच सांगतो. मार्च २०२१मध्ये सूर्या भारताकडून पहिला टी-ट्वेंटी सामना खेळला तेव्हा त्याला तिसावं संपून एकतिसावं चालू होतं, बरोबर. पण मुंबईकडून रणजी तो २०१०मध्येच, विसाव्या वर्षी खेळला होता. मधली दहा वर्षं तो नाव येण्याची वाट बघत मैदानाबाहेर बसला नव्हता. मुंबईकडून खेळत होता, आयपीएल खेळत होता आणि भारत पेट्रोलियममध्ये नोकरीलाही होता. कोलकात्याच्या संघात त्याला खालच्या क्रमांकावर पाठवायचे. २०१८मध्ये मुंबई इंडियन्सने वर खेळवलं, त्या हंगामात ५१२ धावा निघाल्या, पुढच्या दोन हंगामांत ४२४ आणि ४८०. म्हणजे उशीर झाला तो इंडियाची कॅप मिळायला. रणजीच्या ड्रेसिंग रूममध्ये तो तुमच्या मुलाच्या वयातच पोचला होता.

आपल्या केदार जाधवचंही तसंच. भारताकडून पहिला एकदिवसीय सामना नोव्हेंबर २०१४मध्ये, वय एकोणतीस. पण त्याआधी महाराष्ट्राकडून खेळून खेळून त्याचे बूट झिजले होते, आणि २०१३-१४च्या रणजी हंगामात १२२३ धावा करून तो देशात पहिला होता. चिरंजीव ज्यांची नावं घेतात त्यातले बहुतेक सगळे असेच, पंचविशीच्या आत प्रथम श्रेणीत, म्हणजे रणजीच्या पातळीवर, पोचलेले.

तो लगेच म्हणेल, मग फिरकी गोलंदाज वरुण चक्रवर्ती? हा अपवाद मात्र खरा आहे. सतराव्या वर्षी क्रिकेट सोडलं, आर्किटेक्टचा अभ्यासक्रम पुरा केला, काम केलं आणि पंचविशीच्या सुमारास परत मैदानात आला. एकदिवसीय पदार्पण फेब्रुवारी २०२५मध्ये, तेहतिसाव्या वर्षी. पण तो परतला तेव्हा खिशात डिग्री होती आणि हातात असा चेंडू होता, जो कुठे वळेल हे भल्याभल्यांना कळत नव्हतं. तिसऱ्या क्रमांकावर नीट खेळणारी मुलं एकट्या पुण्यात किती आहेत, हे तुमच्या मुलालाच विचारा.

आता त्याच्या त्या वादांबद्दल. ऑक्टोबर २०२५मधला ऑस्ट्रेलिया दौरा आठवा. एकदिवसीय कर्णधारपद रोहितकडून शुभमन गिलकडे गेलेलं. १९ तारखेला पर्थला रोहित ८ धावांवर बाद झाला आणि गावोगावच्या कट्ट्यांवर त्याची निवृत्ती जाहीर झाली. २३ला ॲडलेडमध्ये ७३, २५ला सिडनीत नाबाद १२१. त्यानंतर अडतिसाव्या वर्षी तो एकदिवसीय क्रमवारीत आयुष्यात पहिल्यांदा अव्वल आला, आणि तीच मंडळी २०२७च्या विश्वचषकात तोच हवा म्हणू लागली. सहा दिवसांत रोहित बदलला नव्हता. बदलला होता तो आधीच्या काही महिन्यांत, प्रशिक्षक अभिषेक नायरबरोबर कसून तयारी करताना आणि वजन उतरवताना. आपण प्रेक्षक धावफलकावरून मत बनवतो. त्यात पाप नाही, मीही तेच करतो. पण स्वतःच्या करिअरचा हिशेब तसा मांडता येत नाही.

उशिरा सुधारलेल्या प्रत्येक खेळाडूबद्दल एकच प्रश्न विचारायचा: नेमकं काय बदललं? मला सगळ्यांत आवडतं ते झहीर खानचं उदाहरण. श्रीरामपूरचा पोरगा, २०००मध्ये भारताकडून खेळायला लागला, पाच-सहा वर्षांत दुखापतींनी बेजार होऊन संघाबाहेर. २००६चा उन्हाळा तो इंग्लंडमध्ये वूस्टरशरकडून काउंटी, म्हणजे तिथलं स्थानिक क्रिकेट, खेळला. दर आठवड्याला चार-चार दिवसांचे सामने, षटकांमागून षटकं. तिथे त्याने रनअप कमी केला. धावत येण्यात जी ताकद जात होती ती वाचली, चेंडूवरचा ताबा वाढला, दिवसअखेर तिसऱ्या स्पेलमध्येही तो तितकाच बोचरा राहू लागला. त्या हंगामात ७८ बळी घेतले आणि त्याच वर्षाअखेर दक्षिण आफ्रिका दौऱ्यासाठी भारतीय संघात परतला. पुढच्या वर्षी ट्रेंट ब्रिजला नऊ बळी घेऊन कसोटी जिंकून दिली आणि २०११च्या विश्वचषकात २१ बळी. फॉर्म परत आला असं लोक म्हणाले. पण फॉर्म काही पाहुणा नव्हे, आपणहून यायला; रनअपची पावलं मोजून कमी केली होती.

अजिंक्य रहाणेचं २०२३ही तसंच. आयपीएलमध्ये एकशेवीसच्या आसपास स्ट्राइक रेट (शंभर चेंडूंमागे धावा) असलेला माणूस चेन्नईकडून एकदम १७२ने खेळला. जवळजवळ दीड वर्षाने कसोटी संघात घेतलं आणि ओव्हलवर कसोटी अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्यात त्याने ८९ आणि ४६ धावा केल्या. पुढच्याच वेस्ट इंडिज दौऱ्यात धावा झाल्या नाहीत, पुन्हा बाहेर. करुण नायरने विदर्भाकडून २०२४-२५च्या विजय हजारे एकदिवसीय स्पर्धेत ७७९ धावा केल्या, रणजी करंडक जिंकून देताना अंतिम सामन्यात शतक ठोकलं, आठ वर्षांनी कसोटी संघात आला, इंग्लंडमध्ये चार कसोटी खेळून २०५ धावा केल्या आणि पुढच्या मालिकेत नाव नव्हतं. सुधारणा आपल्या हातात असते, निवड नसते. सुधारूनही नाव आलं नाही तर घर कशावर चालणार, याचं उत्तर पोराकडे आत्ताच हवं.

म्हणून अटी. पहिली, बी.कॉम. पुरं करायचं. हे मी क्रिकेटच्या विरोधात सांगत नाही. तो नियमित विद्यार्थी असेल तरच विद्यापीठाच्या संघातून आंतरविद्यापीठ स्पर्धा खेळू शकतो, आणि क्लबच्या मुलाला स्वतःला दाखवायला याहून चांगली जागा नाही. राज्य सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे; रेल्वे आणि इतर सरकारी आस्थापनांतही खेळाडूंची भरती निघते. त्यात कोणत्या पातळीची स्पर्धा खेळलात याची प्रमाणपत्रं मागतात आणि बऱ्याच पदांना पदवीही. एटीकेटीचे दोन विषय सुटले नाहीत तर हे दोन्ही रस्ते बंद.

दुसरी अट पातळीची. एकोणीसचा गट संपला, तेवीस वर्षांखालचा सी. के. नायडू करंडक शिल्लक आहे. या हंगामात क्लब किंवा जिल्ह्याकडून महाराष्ट्र क्रिकेट संघटनेच्या निमंत्रित स्पर्धांत धावा हव्यात, पुढच्या हंगामात तेवीसच्या संभाव्य खेळाडूंत नाव हवं. आलं, तर मी स्वतः त्याच्या वडिलांशी बोलेन. पैशांचंही सांगतो, म्हणजे त्यांना दुकानाशी तुलना करता येईल. २०२१-२२पासून रणजीत अंतिम अकरामधल्या नव्या खेळाडूला दिवसाला ४० हजार मिळतात, तेवीस वर्षांखालच्या स्पर्धेत २५ हजार. साखळीतले सातही चार दिवसांचे रणजी सामने खेळला तर अकरा लाखांच्या वर जातं. मात्र हे संघातल्या अकरा जणांचं झालं. संघाच्या दाराबाहेर क्लब क्रिकेटमध्ये, तुम्हाला अनुभव आहेच, बॅट, मेस आणि खोलीभाडं आपल्याच खिशातून जातं.

तिसरी अट मी त्यालाच घालतो. एका पानावर लिही: मागच्या हंगामापासून तुझ्या खेळात काय बदललं? ‘मेहनत घेतोय’ चालणार नाही. ‘ऑफ स्टंपबाहेरचा चेंडू सोडायला शिकलो, आधी दहा डावांत सहा वेळा मागे झेल जायचा, आता दोनदा’ असं काही हवं. रोहितबद्दल तासभर बोलू शकतोस, तर स्वतःबद्दल एक पान जड जाऊ नये.

आणि ताई, त्या मोबाइलवरच्या वादांना अगदीच वाया गेलेले समजू नका. तो आकडे देऊन भांडतो असं तुम्ही लिहिलंय. संघांना व्हिडिओ ॲनालिस्ट लागतात. ते काम टीव्हीवरच्या चर्चेसारखं नसतं, हे मात्र त्याला आधी दाखवा. नव्वद षटकांचा दिवस म्हणजे ५४० चेंडू. प्रत्येक चेंडूला लॅपटॉपवर नोंद: गोलंदाज कोण, राउंड द विकेट की ओव्हर, टप्पा कुठे, रेषा कोणती, फलंदाज पुढे आला की मागे गेला, फटका कोणता, निकाल काय. उन्हात, पत्र्याखाली, लाइट गेली तरी. संध्याकाळी प्रशिक्षक विचारतो, डावखुऱ्याला आपण आखूड किती टाकले, आणि उत्तर दोन मिनिटांत द्यायचं असतं. सुरुवातीला पैसे तुटपुंजे, काम हंगामी. बी.कॉम.बरोबर एक्सेल पक्कं करून थोडं पायथन आणि संख्याशास्त्र शिकला, तर तीच विद्या बँकेत किंवा कंपनीतही चालते. येत्या सुट्टीत गावाजवळच्या एखाद्या अकादमीच्या सोळा वर्षांखालच्या सामन्याची अशी नोंद त्याने फुकट करून पाहावी. दुपारपर्यंत कंटाळला तर हा रस्ता त्याचा नाही. पंच आणि गुणलेखकांच्या परीक्षाही असतात, पण वीस वर्षांच्या पोराला त्या आत्ता सांगून उपयोग नाही, तो रागावेल.

त्याला अमोल मुझुमदारबद्दल मात्र जरूर सांगा. प्रथम श्रेणीत अकरा हजारांवर धावा, पदार्पणात २६०, मुंबईला कर्णधार म्हणून रणजी करंडक, आणि भारताकडून एकही सामना नाही. २ नोव्हेंबर २०२५ला नवी मुंबईत भारतीय महिलांनी विश्वचषक जिंकला तेव्हा त्या संघाचे प्रशिक्षक तेच होते.

वडिलांना म्हणावं, दुकान कुठे पळून जात नाही, पुढच्या हंगामाच्या अखेरीपर्यंत थांबा. मुलाचं ते एक पान, गेल्या दोन हंगामांचे सगळे डाव, शून्यावर बाद झालेलेसुद्धा, आणि राहिलेल्या दोन विषयांच्या परीक्षेची तारीख मला पाठवा. पाकिटावर पत्ता त्याच्याच हातचा असू दे.