आजीच्या हातातलं वहीत कसं उतरवायचं

प्रिय बाळा,

परवा फोनवर तू विचारलंस, "बाबा, महालक्ष्म्यांचं (ज्येष्ठा गौरींचं) सगळं आजीला पाठ आहे, पण लिहिलेलं कुठेच नाही. मी लिहून ठेवू का? आणि कसं?" प्रश्न फार वेळेवर विचारलास. हो, लिही. पोळा झाला की महालक्ष्म्यांना साधारण आठवडाच उरतो, म्हणून मस्कतहून हे सविस्तर लिहितोय.

पहिली गोष्ट, "आजी, आपल्या घरच्या गोष्टी सांग" असं विचारू नकोस. त्यावर "काय सांगू, पूर्वीपासून चालत आलंय" एवढंच उत्तर मिळतं. तिच्या हातात वस्तू असताना त्या वस्तूबद्दल विचार. हा मुखवटा कुणी आणला? तुझ्या माहेरी महालक्ष्म्यांच्या धडासाठी धान्य भरायच्या कोठ्या होत्या की नुसते तांबे? तुला साडी नेसवायला कुणी शिकवलं? कोणत्या वर्षी मांडल्याच नव्हत्या? हा शेवटचा प्रश्न विसरू नकोस. सुतक आलं की महालक्ष्म्या मांडत नाहीत, त्यामुळे त्या रिकाम्या वर्षाच्या मागे घरात कोण गेलं ते निघतं आणि तिथून पुढे बरंच काही.

रेकॉर्डिंगला महागडं काही लागत नाही. फोन एअरप्लेन मोडवर टाक, नाहीतर मध्येच फोन येतो आणि रेकॉर्डिंग तुटतं. तो आजीपासून हातभर अंतरावर, घडी घातलेल्या टॉवेलवर ठेव. थेट ओट्यावर ठेवलास तर भांड्यांची खडखड आवाजापेक्षा मोठी येते. पंखा बंद कर. भाद्रपदात नागपुरात उकाडा असतो, म्हणून वीस मिनिटांच्या वर एका वेळी बसवू नकोस. सुरुवातीला तूच तारीख, वार, जागा आणि कोण बोलतंय ते सांग. फाइलच्या नावात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस लिही, म्हणजे यादी आपोआप क्रमाने लागते. आणि एखादी गोष्ट तिला चारचौघांत नको असेल तर ती म्हणायच्या आधीच तू रेकॉर्डिंग थांबव.

लिहून काढताना तिची भाषा सुधारू नकोस. ती "मी पुरण वाटून राहिली होती" म्हणाली तर तसंच लिही, "का" ऐवजी "काऊन" म्हणाली तर "काऊन"च. पुस्तकी मराठी केलीस तर वहीतून आजी ऐकू येणार नाही.

तारखांचा घोळ होईल. महालक्ष्म्या इंग्रजी तारखेने येत नाहीत, तिथीनेही नेमक्या नाहीत. भाद्रपद शुक्ल पक्षात अनुराधा नक्षत्रावर येतात, ज्येष्ठा नक्षत्रावर पूजा आणि महानैवेद्य, मूळ नक्षत्रावर विसर्जन. वहीत नक्षत्रं लिही, नाहीतर पुढच्या वर्षी कुणीतरी यंदाचीच तारीख धरून बसेल. जुन्या आठवणींना वर्ष लावायला गावातल्या खुणा वापर. नागपूर जुन्या मध्य प्रदेशची राजधानी होती तेव्हाची गोष्ट असेल तर ती १ नोव्हेंबर १९५६ च्या आधीची. दीक्षाभूमीवर बाबासाहेबांनी दीक्षा घेतली तो दिवस १४ ऑक्टोबर १९५६. मोठा दुष्काळ म्हणाली तर बहुतेक १९७२. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक निघते, तिच्यावरून मात्र वर्ष ठरत नाही. काळी मारबत १८८१ पासून आणि पिवळी १८८५ पासून दरवर्षीच निघते. त्या दिवशी "ईडा पीडा घेऊन जा गे मारबत" ऐकलंस की आजीला विचार, तिच्या लहानपणी मारबतीसोबत काय काय घालवायला सांगायचे.

मापांचं सर्वांत अवघड आहे. आजी मुठीने घेते, आणि "अंदाजानं" हे तिचं माप आहे. तिचा हात थांबवून वाटी पुढे करू नकोस. तसं केलं की अंदाजच बिघडतो. त्यापेक्षा पिठाचा डबा आधी काट्यावर ठेवून वजन लिही, तिचं घेऊन झालं की पुन्हा वजन कर. जो फरक तो तिचा अंदाज. आंबिलीपासून सुरू कर. एक वाटी ज्वारीचं पीठ दोन वाट्या आंबट ताकात रात्रभर भिजवायचं, सकाळी चार वाट्या पाणी मीठ आणि आलं घालून उकळायचं, मग भिजवलेलं पीठ बारीक धारेने ओतत सारखं ढवळायचं. कोरडं पीठ उकळत्या पाण्यात टाकलं की गाठी होतात आणि मग त्या मोडत नाहीत. आजीचं प्रमाण याहून वेगळं निघालं तर तिचंच लिही. नैवेद्याच्या सोळा भाज्यांचे फोटो चिरायच्या आधी काढ, नाव तिच्या तोंडचं लिही. एकाच भाजीला इतवारीतल्या बाजारात एक नाव असतं आणि गावाकडे दुसरं.

मांडणीचे फोटो सगळ्यांकडे असतात, पण ते पूर्ण झाल्यावरचे. अर्धवट मांडणीचे कुणाकडेच नसतात आणि नेमके तेच लागतात. रिकामा चौरंग, कोठीत भरलेलं धान्य, निऱ्या कुठे खोचल्या, पदराची पिन कुठे, बाळं कुणापुढे कोणतं, फुलोरा (महालक्ष्म्यांवर टांगायचे करंज्यांसारखे तळलेले पदार्थ) कोणत्या क्रमाने टांगला. दारापासून पावलं काढत आणताना "कशाच्या पावलांनी आल्या?" असं विचारतात, "सोन्याच्या पावलांनी" हे उत्तर. घराघरात शब्द थोडे बदलतात, म्हणून आपल्या घरातले आवाजासकट घे. मुखवटा मातीचा असेल आणि रंग उडाला असेल तर स्वतः ब्रश फिरवू नका. नागपुरातल्या मूर्तिकारांच्या चितार ओळीत जाणत्या माणसाकडे द्या, आधीचा फोटो काढून.

देवघरातले टाक एकेक करून विचार: हा कोणता देव, कुणी करवला. कुलदैवत, गोत्र, कोणत्या गावचे आपण, हे एका पानावर. या पानाचा एक उपयोग सांगतो. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांकडे यात्रेकरूंच्या नामावळीच्या वह्या असतात. आडनाव आणि मूळ गाव नेमकं सांगता आलं तर त्यात पणजोबांच्याही मागची नावं सापडू शकतात.

जुन्या फोटोंच्या मागे बॉलपेनने लिहू नकोस, ठसा पुढे उमटतो. मऊ पेन्सिल घे, काठाला हलकंच लिही. चिकट अल्बममधला फोटो ओढून काढू नकोस, फाटेल. खिडकीजवळ, फ्लॅश न लावता, अल्बमसकटच फोटो काढ.

आत्या वेगळं सांगेल. सांगू दे. दोन्ही लिही, कुणाचं कोणतं ते नावासकट. कोण बरोबर ते तू ठरवू नकोस.

आणि श्रद्धेचं. "आजी, तुला खरंच वाटतं का त्या येतात?" हे विचारायला कचरू नकोस, फक्त विसर्जनाच्या दिवशी, पाहुणे गेल्यावर विचार. त्या दिवशी ती हळदीने रंगवलेले, सोळा गाठींचे दोरे बांधते. हात चालू असताना ती मोकळेपणाने बोलते. जे म्हणेल ते जसंच्या तसं ठेव, तुला पटो न पटो.

रेकॉर्डिंग आणि फोटो मला व्हॉट्सॲपवर साध्या फोटोसारखे पाठवू नकोस, ते लहान होऊन येतात. डॉक्युमेंट म्हणून पाठव. एक प्रत फोनमध्ये, एक पेनड्राइव्हवर आजीच्या कपाटात, एक माझ्याकडे. आंबिलीचं वजन पहिल्यांदा पाठव.

तुझा,
बाबा