वाचकांचे प्रश्न : उन्हाळ्यात ट्रकचा दम का जातो?

प्रश्न : माझा टर्बो-इंटरकूलरचा (टर्बो म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा, इंटरकूलर म्हणजे ती हवा गार करणारी जाळी) ट्रक २०१४ चा आहे. हंगामात कापूस जिनिंगला नेतो, पुढे वणीकडून कोळसा भरतो. मे महिन्यात भरल्या गाडीला चढावर दम राहत नाही, काळा धूर सोडते. मिस्त्री म्हणतो, एअर क्लीनरचा डबा काढून उघडा कोन फिल्टर बसवू, नाहीतर डब्यालाच भोकं पाडू. करावं का?
– एक ट्रकमालक, ता. केळापूर, जि. यवतमाळ

उत्तर : दोन्ही करू नका. भोकं पाडली की हवा इंजिनाजवळची, म्हणजे तापलेलीच येणार. हवा साधारण ३ अंशांनी तापली की तिची घनता एक टक्क्याने घटते. बाहेर ४५ अंश असताना डब्यात ६५ अंशांची हवा जात असेल, तर सहा टक्के हवा तिथेच गेली. डिझेल तेवढंच आणि हवा कमी, म्हणून काळा धूर. उघडा कोन फिल्टरही हीच गरम हवा ओढतो. शिवाय त्याच्या तेल लावलेल्या जाळीतून पांदणीचा बारीक फुफाटा कागदी फिल्टरपेक्षा जास्त निसटतो. त्याने टर्बोच्या पंख्याची धार झिजते आणि पिस्टनच्या रिंगा जातात. इंजिनकामाचा खर्च कोन फिल्टरच्या किमतीत धरायला कोणी सांगत नाही.

आधी मोजा. लांब वायरचा डिजिटल थर्मामीटर घ्या, प्रोब डब्याच्या तोंडात बांधा, दुसरा आरशामागे सावलीत लावा. भरली गाडी अर्धा तास चालवून दोन्ही आकडे बघा. फरक ५-६ अंशांचा असेल तर बाहेरची हवा डब्यात आणणाऱ्या पाइपाचं काम करण्यात अर्थ नाही. १५-२० असेल तर करा.

फिल्टर तुंबला का, हेही पाण्याने कळतं. चार मीटर पारदर्शक नळी घ्या. मीटरभर उंचीच्या फळीवर ती यू आकारात बांधून निम्म्यापर्यंत पाणी भरा. एक टोक फिल्टरनंतरच्या, टर्बोआधीच्या पाइपावरच्या टेस्ट पॉइंटला जोडा, दुसरं मोकळं ठेवा. फिल्टर तुंबल्याचं दाखवणारा इंडिकेटर तिथेच बसतो, तो काढून जागा मिळते. भरल्या गाडीने चढावर पूर्ण ॲक्सिलरेटर दिल्यावर, शेजारी बसलेल्याने दोन्ही पातळ्यांतला फरक वाचावा. तो ६३ सेंटिमीटरच्या आसपास गेला की मुख्य फिल्टर बदलायची वेळ झाली. उभ्या गाडीत रेस करून हा आकडा खरा येत नाही.

आता पाइप. तुमच्या मॉडेलचा कॅबिनमागे वर जाणारा कंपनीचा पाइप मिळतो का, ते आधी विचारा. नसेल तर गाडीत बदल करण्याआधी आरटीओत चौकशी करा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये हा विषय येतो आणि परवानगीशिवायच्या बदलाला २०१९ च्या दुरुस्तीपासून मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा कैदही होऊ शकते. पाइप डब्याच्या तोंडापेक्षा बारीक नको. वळणं दोनच, मोठ्या गोलाईची. घरगुती पीव्हीसी इंजिनाच्या उष्णतेत मऊ पडून आत चिपटतो, तेव्हा तारेचा रबरी किंवा पत्र्याचा पाइप घ्या. तोंड चाकांच्या फुफाट्यापासून आणि सायलेन्सरपासून दूर ठेवा. कापसाची रुई अडवायला ५-६ मिलिमीटरची जाळी लावा. मच्छरदाणीची नको, ती जिनिंगच्या एका फेरीत तुंबते.

फिल्टरनंतरचा प्रत्येक जोड मात्र हवाबंद हवा. टर्बोआधीचा होज काढून आतून बोट फिरवा. बोटावर पावडरीसारखी माती आली तर कुठेतरी गळती आहे. बहुधा क्लिप जास्त आवळल्याने होज कापलेला असतो, नाहीतर फिल्टरचं रबर दबून एका बाजूला मातीची रेघ उठलेली असते. फिल्टर टायरवर आपटायची सवय सोडा, घड्या फाटतात. हवा मारायचीच तर आतून बाहेर, २ बारपेक्षा कमी दाबाने. आतला लहान फिल्टर कधीच फुंकायचा नाही.

खरी थंडी मात्र इंटरकूलर देतो. टर्बोतून हवा भरल्या गाडीत १०० अंशांवर निघते, ती तिथेच गार होते. त्याच्या आणि रेडिएटरच्या मधल्या फटीत रुई व कोळशाची भुकटी जमून नमद्यासारखी जाड होते. इंजिनाच्या बाजूने साध्या पाइपाने पाणी मारा, प्रेशर वॉशरने पत्त्या वाकतात. होजच्या जोडाजवळ तेलकट काळा डाग दिसला तर दाब तिथून सुटतोय, क्लिप नवी टाका. बऱ्याच गाड्यांचा दम एवढ्यावरच परत येतो. इंजिनाच्या पंपातून जास्त डिझेल सोडून घेऊ नका, धूर आणि टर्बोची उष्णता दोन्ही वाढतील.

प्रश्न : बीएस ६ पिकअपला हेच करता येईल का? – एक वाचक, हिंगणघाट

उत्तर : इंटरकूलर साफ ठेवा, फिल्टर वेळेवर बदला. बाकी हात लावू नका. तेल लावलेल्या कोन फिल्टरने हवा मोजणारा सेन्सर माखतो, गाडी चुकीची हवा मोजते. वॉरंटीचाही प्रश्न येईल.

प्रश्न : नाल्यात गाडी बंद पडली, डब्यात पाणी आहे. – एक वाचक, ता. वरोरा

उत्तर : स्टार्टर मारू नका. फिल्टर आणि इंटरकूलरचे पाइप सोडून पाणी काढा, इंजेक्टर काढून इंजिन हाताने फिरवा. पाणी पूर्ण निघाल्यावर ऑइल तपासा. दुधाळ दिसलं तर ऑइल आणि ऑइल फिल्टर दोन्ही बदला.